तक्त्यावरचा ‘वीस’ आणि परिचर्येचे पहिले वर्ष

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

परिचर्या, म्हणजे नर्सिंगच्या, अभ्यासक्रमांच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या, की आमच्या भागातले दोन-चार पालक दरवर्षी माझ्याकडे चौकशीला येतात. मी एकतीस वर्षे परिचर्या शिक्षणात काढली आणि पाठ्यनिर्देशिका म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे यातले मला कळत असावे असा त्यांचा समज आहे. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. बी.एस्सी. ही पदवी करावी की जी.एन.एम. ही पदविका, शुल्क किती, वसतिगृहात मुलगी सुरक्षित राहील ना, आणि शिक्षण संपल्यावर जर्मनीला किंवा आखाती देशांत जाता येईल का. हे सगळे प्रश्न रास्तच आहेत. परंतु पहिल्या वर्षी मुलीला वॉर्डात नेमके काय शिकवतात आणि ती ते शिकत असताना तिच्या शेजारी कोण उभे असते, हे मला आजवर एकाही पालकाने विचारलेले नाही. आपले वाचक रुग्ण म्हणून किंवा रुग्णाचे नातेवाईक म्हणून कधी ना कधी या विद्यार्थिनींच्या हाती येणारच आहेत, त्यामुळे हा विषय महाविद्यालयांपुरता राहत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी सवयीने ‘विद्यार्थिनी’ लिहिते. हल्ली वर्गात मुलगेही बऱ्यापैकी असतात आणि पुढचे सारे त्यांनाही तितकेच लागू आहे.

रुग्णालयात खाटेच्या पायथ्याशी अडकवलेला टी.पी.आर. चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वसन यांचा तक्ता, आपण पाहिला असेल. पुढच्या वेळी कोणाला भेटायला गेलात, तर त्यातला श्वसनाचा रकाना जरा वाचून पाहावा. तापाचा आकडा बदललेला दिसेल, नाडीचाही बदललेला दिसेल; श्वसन मात्र बहुतेक ठिकाणी सकाळी वीस, दुपारी वीस आणि रात्रीही वीसच आढळेल. शेजारच्या खाटेवरही वीस. मधूनच कोठे बावीस दिसला, तर ती मुलगी थोडी कल्पक आहे असे समजावे. निरोगी प्रौढ माणूस विश्रांतीत असताना मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. म्हणजे वीस हा नेहमीच्या कक्षेतला काठावरचा आकडा आहे आणि तो लिहिला की कोणी हटकत नाही. पण न्यूमोनियाचा म्हातारा, काल शस्त्रक्रिया झालेली बाई आणि उद्या घरी जाणारा तरुण हे तिघे एकाच गतीने श्वास घेत असतील, हे कसे शक्य आहे? तो आकडा मोजलेला नसतो, केवळ भरलेला असतो. सगळीकडे असेच चालते असे मी म्हणणार नाही. मात्र ज्यांनी वॉर्डात काम केले आहे त्यांना हा ‘वीस’ ओळखीचा वाटणार नाही, असेही होणार नाही.

गंमत अशी, की श्वसन मोजण्याइतके सोपे काम परिचर्येत दुसरे नाही. त्याला उपकरण लागत नाही, सेकंदकाटा असलेले घड्याळ पुरते. तरीही टाळले जाते ते हेच काम, आणि त्याची कारणे शिकवणाऱ्यांनी समजून घेण्यासारखी आहेत. ताप थर्मामीटर सांगतो, नाडीचा आणि ऑक्सिजनचा आकडा बोटाला लावलेला ऑक्सिमीटर दाखवतो, जो करोनाच्या काळापासून घराघरांत पोहोचला आहे; श्वास मात्र डोळ्यांनी पाहावा लागतो. तो पूर्ण एक मिनिट पाहावा लागतो, म्हणजे चाळीस रुग्णांच्या वॉर्डात नुसत्या श्वसनाला चाळीस मिनिटे जातात. शिवाय तो रुग्णाला न सांगता मोजायचा असतो, कारण ‘तुमचा श्वास मोजते’ असे म्हटले की माणूस लगेच श्वास आवरून धरतो किंवा लांब-लांब घेऊ लागतो. म्हणून नाडी मोजून झाल्यावरही मनगट तसेच धरून ठेवायचे आणि नजर तेवढी छातीकडे वळवायची, ही युक्ती आम्ही पहिल्याच महिन्यात शिकवतो. ती येथे उघड करून मी माझ्याच विद्यार्थिनींची पंचाईत करत आहे, याची मला कल्पना आहे.

या एका मिनिटाचे मोल असे, की माणूस आतून बिघडू लागला की शरीर बऱ्याचदा सर्वांत आधी श्वासाची गती वाढवते. फुप्फुसांत संसर्ग वाढत असेल, रक्तात जंतुदोष पसरत असेल, हृदय थकत असेल किंवा मधुमेहात रक्तातील आम्ल वाढले असेल, तर रक्तदाब घसरण्याच्या कितीतरी आधी श्वास अठ्ठावीस-तिसावर गेलेला असतो. ऑक्सिमीटरचा आकडा मात्र त्या वेळीही चांगला दिसू शकतो, कारण तो चांगला राहावा म्हणूनच तर शरीर धापा टाकत असते. ब्रिटनमध्ये २०१२ पासून वापरात आलेल्या, रुग्णाची घसरण वेळीच ओळखण्याच्या गुणांकन पद्धतीत श्वसन मिनिटाला २५ किंवा त्याहून अधिक असेल, तर त्या एका नोंदीलाच सर्वोच्च, म्हणजे तीन गुण दिले जातात. आपल्याकडे त्याच रकान्यात आपण डोळे झाकून वीस लिहितो.

हा ‘वीस’ मीही लिहिलेला आहे. १९८४ साली मी पहिल्या वर्षाला असताना एका जिल्ह्याच्या ठिकाणी मेल मेडिकल वॉर्डात आमची नेमणूक होती. चौदा रुग्णांचा ताप आणि नाडी मी प्रामाणिकपणे घेतली, आणि मग खिडकीशी उभी राहून श्वसनाचा रकाना वरपासून खालपर्यंत वीस-वीस असा भरून टाकला. परिसेविकेने, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरने, तक्ता हातात घेतला, वाचला आणि मला नऊ नंबरच्या खाटेपाशी नेले. तेथे एक ऊसतोड मजूर दोन उशांना टेकून बसल्या-बसल्या डुलक्या घेत होता. “मोज,” एवढेच ती म्हणाली. मी मोजले, ते चौतीस भरले. चुकले असेल म्हणून पुन्हा मोजले, तर छत्तीस. तिने मला डॉक्टरांना बोलवायला पिटाळले, तोवर स्वतः त्याला नीट उठवून बसवले आणि ऑक्सिजन लावला. राउंड आटोपल्यावर तिने चौदाही रुग्णांचे श्वसन पूर्ण एक-एक मिनिट मोजायला लावले. त्यातल्या दोघांचे खरोखरच वीस निघाले, हे मुद्दाम सांगते. आधीच्या रकान्यावर तिने लाल शाईने रेघ मारली आणि त्या रेघेखाली मला सही करायला लावली. तो मजूर बारा-तेरा दिवसांनी आपल्या पायांनी घरी गेला.

पुढे स्वतः शिकवायला लागल्यावर या प्रसंगाचा मी वेगळ्या बाजूने विचार केला. त्या बाईंना माझा खोटेपणा पकडता आला, कारण नऊ नंबरचा रुग्ण त्यांनी सकाळीच पाहिला होता आणि त्यांच्याकडे त्या दिवशी आम्ही तिघीच विद्यार्थिनी होतो. आम्ही तीस असतो, तर माझा ‘वीस’ खपून गेला असता, आणि एकदा खपलेला आकडा दुसऱ्यांदा लिहिताना हात कचरत नाही. मूलभूत कौशल्ये शिकवण्याचा सगळा प्रश्न माझ्या मते येथे येऊन थांबतो. मुलगी चुकत असताना ते पाहणारे कोणी आहे का, आणि ‘मला जमले नाही’ असे तिने सांगितले तर ते ऐकून घेणारे कोणी आहे का?

रक्तदाबाचे उदाहरण घ्या. बाहेरच्यांना ते पट्टा बांधून फुगा दाबण्याचे काम वाटते. वास्तविक रुग्णाला आधी पाच मिनिटे शांत बसवायचे, पाठीला आधार द्यायचा, पाय जमिनीला टेकवायचे, हात हृदयाच्या पातळीला ठेवायचा आणि मोजताना त्याच्याशी बोलायचे नाही, कारण नुसत्या बोलण्यानेही आकडा वर सरकतो. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला, तर नसलेला उच्च रक्तदाब दिसतो. आधी मनगटाची नाडी बोटांखाली धरून, ती कोठे लुप्त होते तो आकडा पाहायचा, मग त्याच्या तीसेक वर पट्टा फुगवायचा आणि पारा सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर इतक्या सावकाश उतरवत स्टेथोस्कोपने ठोके ऐकायचे. पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, आवाज पूर्ण थांबतो तो खालचा. नाडीची आधीची पायरी वेळखाऊ वाटते म्हणून पुष्कळजणी गाळतात. पण काही रुग्णांत आवाज मध्येच काही काळ बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो, तेव्हा ही पायरी गाळणाऱ्या मुलीला वरचा आकडा चक्क तीस-चाळीसने कमी मिळू शकतो. हे सगळे पुस्तकात आहे. पुस्तकात नाही ते असे, की पहिल्या पंधरवड्यात बऱ्याच मुलींना तो आवाज ऐकूच येत नाही. वॉर्डात भांड्यांचा खडखडाट असतो, शेजारी कोणाचा मोबाइल वाजत असतो, हात थरथरत असतो, मागे डॉक्टर ताटकळत उभे असतात. अशा वेळी ती मुलगी काय करते? ‘ऐकू आले नाही’ म्हणायची तिला लाज वाटते आणि ती १२०/८० लिहून मोकळी होते. कानांत घालायच्या दोन जोड्या असलेला शिकवण्याचा स्टेथोस्कोप मिळतो, त्याची एक जोडी शिक्षिकेच्या कानाला आणि दुसरी मुलीच्या कानाला असते, म्हणजे दोघी एकच ठोका एकाच वेळी ऐकतात. तो फार महाग नसतो. तरी किती महाविद्यालयांच्या कपाटांत तो कुलूपबंद आहे, हे प्राचार्यांनी एकदा किल्ली फिरवून पाहावे.

अभ्यासक्रमाला मी दोष देणार नाही. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित, सत्रपद्धतीचा अभ्यासक्रम आणला. त्यात ‘नर्सिंग फाउंडेशन’ या विषयाला पहिल्या सत्रात कौशल्य प्रयोगशाळेचे ८० आणि रुग्णालयातले १६० तास, आणि दुसऱ्या सत्रात अनुक्रमे १२० आणि ३२० तास दिलेले आहेत. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण, असे निकषही परिषदेने घालून दिलेले आहेत. कागदावर याहून अधिक काय मागावे? प्रत्यक्षात मात्र सकाळी बसमधून पन्नास मुली उतरतात, शिक्षिका हजेरी घेते, त्यांना वॉर्डांत वाटून देते आणि दुपारचे व्याख्यान किंवा तपासणीची कागदपत्रे यांच्यासाठी महाविद्यालयात परतते. वॉर्डातल्या अधिपरिचारिकांच्या माथी आधीच दुप्पट खाटांचे काम असते. त्या मुलींना शिकवणार कधी? मग पहिल्या वर्षाची मुलगी रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचवते, एक्स-रे आणते, औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन मेडिकल स्टोअरला धावते आणि मावशी रजेवर असल्या तर त्यांचेही काम उरकते. कष्टाला माझी ना नाही. पण १६० तासांतले किती तास अशा धावाधावीत गेले, याचा हिशेब कोणत्याही वहीत नसतो. वही असते ती लॉगबुकची. त्यात अमुक प्रक्रिया पाहिली, अमुक सहाय्याने केली, अमुक स्वतंत्रपणे केली, असे रकाने असतात आणि सत्र संपताना एका बैठकीत त्यांवर सह्या होतात. अशा सह्या मीही केलेल्या आहेत, त्यामुळे हा आरोप परस्पर दुसऱ्यांवर ढकलून मला मोकळे होता येणार नाही.

कौशल्य प्रयोगशाळेतल्या मॅनिकिनबद्दलही, म्हणजे सरावासाठीच्या माणसाएवढ्या बाहुल्यांबद्दलही, थोडे सांगितले पाहिजे, कारण हल्ली माहितीपत्रकांत त्यांचीच छायाचित्रे ठळकपणे छापलेली असतात. हात बसवायला ती उत्तम. नाकातून पोटात जाणारी नळी (रायल्स ट्यूब) घालणे, मूत्रनळी घालताना निर्जंतुकता सांभाळणे, स्नायूत इंजेक्शन देण्याची जागा अचूक शोधणे, हे आधी मॅनिकिनवरच यायला हवे. जिवंत माणसावर पहिला प्रयत्न करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु मॅनिकिन लाजत नाही, कण्हत नाही, ‘नको गं बाई आत्ता’ म्हणत नाही. तिला कूस बदलताना तिच्या सुनेला खोलीबाहेर थांबवावे लागत नाही आणि पडदा ओढायला विसरले तरी ती अंग चोरून घेत नाही. प्रयोगशाळेत शंभर टक्के गुण मिळवलेली मुलगी वॉर्डात पहिल्यांदा बेडपॅन द्यायला जाते आणि दारातच अडखळते, हे मी दरवर्षी पाहिले आहे.

बेडपॅनचा विषय निघालाच आहे, तर तो टाळून पुढे जाऊ नये. या व्यवसायाकडे नाक मुरडून पाहण्याची आपली रीत जुनी आहे. रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ससून रुग्णालयात स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण मिळण्याची सोय केली, तेव्हा परक्या माणसाचे मलमूत्र काढणे घरंदाज बाईला शोभते का, हाच आक्षेप होता. आज तो उघडपणे कोणी घेत नाही. तरी पालक मला हळूच विचारतात, ‘मॅडम, ते सगळं मुलींनाच करावं लागतं का? मावशी असतात ना?’ त्यांना मी सांगते, की करावे लागते आणि केलेच पाहिजे. बेडपॅन देताना मुलगी शौचाचा रंग पाहते, काळसर दिसला तर पोटातल्या रक्तस्रावाची शंका घेते, लघवीचे माप इनटेक-आउटपुटच्या, म्हणजे शरीरात गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या द्रवांच्या, तक्त्यावर नोंदवते आणि त्याच वेळी रुग्णाची पाठ व माकडहाड यांवर नजर टाकते. हे काम जिच्या डोळ्यांना काय पाहायचे ते शिकवलेले नाही तिच्यावर सोपवले, तर भांडे तेवढे रिकामे होते.

माकडहाडावरची ती नजर किती महत्त्वाची, हे ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे त्यांना वेगळे सांगायला नको. एकाच अवस्थेत पडून राहिलेल्या रुग्णाचे माकडहाड, टाचा, खुबे, कोपर, खांद्याची पाती आणि डोक्याचा मागचा भाग यांवर शरीराचे वजन पडून तेथला रक्तपुरवठा अडतो आणि बेडसोर सुरू होतो. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, अंग कोरडे ठेवायचे, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. पहिल्या वर्षी आम्ही चादरीच्या कोपऱ्याची घडी शिकवतो तेव्हा मुली आपसांत हसतात; लष्करी शिस्त वाटते त्यांना ती. त्या घडीमुळे चादर ताणलेली राहते आणि ताणलेली चादर म्हातारीच्या पातळ कातडीला घासत नाही. तांबूस झालेल्या जागेवर बोट दाबून पाहायचे: दाबल्यावर लाली गेली तर अजून वेळ आहे, नाही गेली तर जखमेची सुरुवात झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, तेथे हाताच्या स्पर्शाने गरमपणा किंवा कडकपणा ओळखावा लागतो, आणि पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतली रंगीत चित्रे पाहून हे येत नाही. येथे एक कबुली देते. आम्हाला शिकताना अशा जागांवर स्पिरिट लावून चोळायला सांगत असत आणि मीही सुरुवातीची काही वर्षे तेच शिकवले. हाडावरच्या तांबूस जागेला चोळल्याने आतल्या पेशींना इजा होते आणि स्पिरिटने कातडी कोरडी पडते, हे आता माहीत झाले आहे. घरी शुश्रूषा करणाऱ्यांनी कृपया चोळू नये.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये त्याच रुग्णालयात अमानुष हल्ला झाला आणि त्यानंतर २०१५ मध्ये निधन होईपर्यंत त्या अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्याविषयी लिहिताना दयामरणाच्या खटल्याची चर्चा होते, आणि ती व्हायलाही हवी. पण पहिल्या वर्षाच्या वर्गात मी त्यांचा उल्लेख वेगळ्या कारणासाठी करीत असे. चार दशकांहून अधिक काळ तेथील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना भरवले, आंघोळ घातली, तोंड स्वच्छ केले, कूस बदलली, आणि इतक्या वर्षांत त्यांना बेडसोर होऊ दिला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालातही या शुश्रूषेची गौरवाने दखल घेतलेली आहे. त्या शुश्रूषेला कोणतेही महागडे यंत्र लागले नाही. पहिल्या सत्राच्या पुस्तकात जे आहे तेच त्या बायकांनी चुकवले नाही.

दुसऱ्या सत्रात औषधे देण्याचा भाग येतो, तेव्हा भरलेल्या आकड्याची सवय घातक ठरते. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही तीव्रतांच्या मिळतात, आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. चाळीसच्या सिरिंजला लाल टोपण, शंभरच्या सिरिंजला नारिंगी. वीस युनिट द्यायचे आहेत, बाटली शंभरची आहे आणि मुलीने लाल टोपणाची सिरिंज उचलून विसाच्या खुणेपर्यंत भरली, तर रुग्णाला वीसऐवजी पन्नास युनिट जातात. उलट अदलाबदल झाली तर आठच. पहिल्या चुकीने साखर इतकी खाली जाऊ शकते की रुग्ण बेशुद्ध पडावा. हे गणित सातवीतला मुलगा करील. पण बाटलीवरचा आकडा प्रत्येक वेळी वाचायचाच, ही सवय गणिताच्या तासाला लागत नाही. श्वासाचा आकडा जिने प्रत्येक वेळी मोजला, तीच बाटलीवरचाही प्रत्येक वेळी वाचते, असा माझा अनुभव आहे.

हात धुण्याबद्दल करोनानंतर वेगळे लिहिण्याची गरज उरली नसावी असे मला वाटले होते. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, अल्कोहोलच्या द्रावाने २० ते ३० सेकंद, हे भिंतीभिंतीवर लिहिलेले आहे. भिंतीखालच्या बेसिनला पाणी आहे का, तेवढे पाहावे.

एक मुद्दा मात्र सविस्तर मांडायला हवा, कारण तो आपल्या भाषेचा आहे. हा अभ्यासक्रम इंग्रजीत आहे, नोंदी इंग्रजीत होतात, आणि मराठी माध्यमातून आलेली मुलगी पहिले सहा महिने शब्दांशीच झगडत असते. त्याबद्दल बरेच बोलले जाते. त्याच्या दुसऱ्या टोकाबद्दल कोणी बोलत नाही. रुग्ण मराठीत सांगतो, आणि त्याचे सांगणे इंग्रजीत नेताना हरवते. ‘जीव घाबरतोय’ असे आजी म्हणाल्या, तर मुलगी ‘अँग्झायटी’ असे लिहून ठेवते. आजींना भीती वाटत नसते. त्यांची साखर उतरलेली असू शकते, छातीत धडधडत असू शकते, दम लागत असू शकतो, किंवा हृदयविकाराचा झटका सुरू झालेला असू शकतो. ‘कसंतरीच होतंय’, ‘पोटात कालवतंय’, ‘डोळ्यांपुढं अंधारी येते’, ‘अंगात कसकस आहे’, ‘छातीत भरून आल्यासारखं वाटतं’ या प्रत्येक वाक्यामागे पुढचे दोन-तीन प्रश्न विचारायचे असतात, आणि ते कसे विचारायचे हे इंग्रजी पाठ्यपुस्तक सांगणार नाही. विदर्भातली मुलगी सातारला आली किंवा सातारची नंदुरबारला गेली, की शब्द आणखी बदलतात. रुग्णाचे शब्द आधी त्याच्याच भाषेत, जसेच्या तसे टिपून घ्यावेत, अर्थ नंतर लावावा, असा आग्रह मी धरत असे. त्यावरून काही परीक्षकांनी माझ्या विद्यार्थिनींचे गुणही कापले. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात अशा मराठी नोंदीला अधिकृत जागा द्यावी, ही माझी जुनी मागणी आहे, ती या पत्राच्या निमित्ताने पुन्हा मांडते.

बाकीच्या मागण्या फारशा खर्चाच्या नाहीत. पहिल्या दोन सत्रांच्या मुलींना वॉर्डाच्या मनुष्यबळात धरू नये; त्या शिकायला आलेल्या आहेत. दहांच्या गटाची शिक्षिका त्या वेळेत वॉर्डातच असावी, आणि तिची हजेरी महाविद्यालयाच्या मस्टरवर न घेता वॉर्डाच्या परिसेविकेने घ्यावी. लॉगबुकात ‘प्रयत्न केला, जमले नाही’ असा एक रकाना असावा आणि तो रिकामा ठेवणाऱ्या मुलीकडेच शिक्षिकेने अधिक लक्ष द्यावे, कारण पहिल्या वर्षी सगळेच पहिल्या झटक्यात जमणारी मुलगी मी अद्याप पाहिलेली नाही. रोज प्रत्येकीच्या तीन रुग्णांपैकी एकाचे श्वसन आणि रक्तदाब शिक्षिकेने स्वतः पुन्हा मोजून आकडे ताडून पाहावेत. २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाची तरतूद झालेली आहे. त्या आयोगाच्या तपासण्या इमारतीचे चौरस फूट आणि मॅनिकिनांची संख्या यांवरच न थांबता सकाळी नऊ वाजता, न कळवता, वॉर्डात जाऊन व्हाव्यात. आणि मुलीला प्रवेश घेताना पालकांनी विचारावे, की वॉर्डात शिक्षिका किती वेळ असते. उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्याकडेही पाहावे.

दरवर्षी १२ मे रोजी, परिचारिका दिनाला, आम्हाला गुलाबाची फुले मिळतात, त्याबद्दल कृतज्ञ आहे. वाचकांकडे मात्र मला वेगळेच काही मागायचे आहे. नव्याकोऱ्या गणवेशातली एखादी मुलगी आपल्या माणसाचे मनगट धरून घड्याळाकडे पाहत गप्प उभी असेल, आणि नाडी मोजायला इतका वेळ कशाला लागतो असे आपल्याला वाटले, तर तिला ‘सिस्टर, सलाइन संपत आलंय’, ‘सिस्टर, डॉक्टर कधी येणार’ असे लगेच विचारू नये. तिला ते एक मिनिट पूर्ण करू द्यावे, आणि तिने काय लिहिले ते नंतर जरूर विचारावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका, सातारा